कालप्रवासाच्या चित्रपटांतील तर्कदोष : एक चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानकथात्मक चित्रपटांमध्ये कालप्रवास हा विषय जितका लोकप्रिय आहे, तितकाच तो आक्षेपांना निमंत्रण देणारा आहे. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रवासी प्रामुख्याने दूरच्या भविष्यात जातो. भविष्यात जाणाऱ्या प्रवाशामुळे कार्यकारणभावाला धक्का लागत नाही. विसाव्या शतकातील चित्रपटांना मात्र भूतकाळाकडे जाणारा प्रवासी अधिक मोहवीत आला. भूतकाळात जाऊन काही बदलता येते असे एकदा मानले की, कारण आणि कार्य यांचा क्रम डळमळीत होतो. प्रवाशाने भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांना त्यांच्या लग्नापूर्वीच मारले तर प्रवासी जन्मालाच येणार नाही, आणि तो जन्मालाच आला नाही तर आजोबांना मारणार कोण, हा प्रश्न या प्रकारच्या सर्व कथानकांच्या मुळाशी आहे.

अशा चित्रपटांतील विसंगतींना प्रेक्षक ‘प्लॉट होल’ म्हणतात. त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या भूमिका आढळतात. पहिल्या भूमिकेत चित्रपटाचे मूल्यमापन म्हणजे चुकांची यादी होय. यादी जितकी लांब, तितका चित्रपट वाईट. दुसऱ्या भूमिकेत कालप्रवास मुळातच अशक्य असल्याने त्यात तर्क शोधणे व्यर्थ ठरते. पहिली भूमिका कलाकृतीला गणिताच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासते, तर दुसरी तिला कोणत्याही जबाबदारीतून मुक्त करते. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत असे दाखविणे आणि काही महत्त्वाच्या चित्रपटांच्या आधारे तर्कदोषाच्या मूल्यमापनाची एक कसोटी मांडणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

दोषाची संकल्पना :

कलाकृतीतील दोष कशाला म्हणावे, हा प्रश्न नवा नाही. ॲरिस्टॉटलने काव्यातील चुकांचे दोन प्रकार मानले. एक, कलेच्या अंगभूत स्वरूपाशी निगडित असलेली चूक आणि दुसरी, केवळ आनुषंगिक चूक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे ही त्याच्या मते लहान चूक आहे. हरिणीचे चित्रच निर्जीव काढणे ही मोठी चूक आहे.

भारतीय काव्यशास्त्रातील दोषविचार याहून अधिक सूक्ष्म आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’च्या सातव्या उल्लासात दोषांचे विस्तृत विवेचन केले आहे. मुख्य अर्थाला बाधा आणते ते दोष, ही त्याची भूमिका आहे, आणि काव्यात मुख्य म्हणजे रस. त्याच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने काही दोष अनित्य असल्याचे दाखवून दिले होते. कानाला कठोर वाटणारी वर्णरचना शृंगारात दोष ठरते, परंतु रौद्रात तीच रसाला पोषक होते. म्हणजे दोष हा सुटा नसतो. तो कलाकृतीच्या प्रयोजनाच्या संदर्भातच दोष ठरतो.

हा विचार कालप्रवासाच्या चित्रपटांना लावल्यास तीन प्रश्न क्रमाने विचारता येतात. चित्रपटाने काळाविषयी कोणता नियम मांडला आहे? तो नियम चित्रपटाने स्वतःच मोडला आहे काय? आणि मोडला असल्यास त्यामुळे चित्रपटाच्या मुख्य अर्थाला बाधा येते काय? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांपाशीच बहुतेक चर्चा थांबते. खरे मूल्यमापन तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

काळाची तीन प्रारूपे :

कालप्रवासाच्या कथानकांमागे काळाची साधारणतः तीन प्रारूपे दिसतात. पहिले अपरिवर्तनीय काळाचे. येथे प्रवासी भूतकाळात जाऊ शकतो, परंतु जे घडले आहे त्यात त्याच्या येण्याचाही आधीच समावेश असतो. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७६ च्या आपल्या निबंधात या प्रारूपाचे समर्थन केले. त्यांनी प्रवाशाचा वैयक्तिक काळ आणि जगाचा बाह्य काळ यांत भेद केला आणि अशा कथा विचित्र असल्या तरी तार्किकदृष्ट्या अशक्य नाहीत, असे प्रतिपादन केले. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे स्वयंसुसंगतीचे तत्त्व याच दिशेचे आहे.

दुसरे प्रारूप परिवर्तनीय काळाचे. येथे काळ एकच आहे, पण तो पुसून पुन्हा लिहिता येतो. तर्कदृष्ट्या हे सर्वांत दुबळे आणि नाट्यदृष्ट्या सर्वांत समृद्ध प्रारूप आहे. तिसरे प्रारूप शाखीय काळाचे. येथे भूतकाळातील हस्तक्षेपामुळे जुना काळ पुसला जात नाही, तर त्याला नवी शाखा फुटते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली पुंजभौतिकीचा जो अन्वयार्थ मांडला, त्याचा आधार या प्रारूपाला दिला जातो. मराठी वाचकांना समांतर जगाची कल्पना डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. ती रूढ अर्थाने कालप्रवासाची कथा नव्हे, परंतु पानिपताचा निकाल वेगळा लागलेले जग आपल्या जगाला न पुसता त्याच्या शेजारी असू शकते, ही तिची भूमिका शाखीय प्रारूपाशी जुळणारी आहे.

यांपैकी कोणते प्रारूप भौतिकशास्त्राला मान्य आहे, हा प्रश्न येथे गौण आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली निसर्गनियम भूतकाळातील प्रवासाला प्रतिबंध करीत असावेत, असा तर्क मांडला. तो खरा ठरला तर तिन्ही प्रारूपे सारखीच काल्पनिक ठरतील. ती ॲरिस्टॉटलच्या हरिणीची शिंगे होत. चित्रपटाने कोणतेही प्रारूप स्वीकारावे, मात्र स्वीकारलेल्या प्रारूपाची किंमत त्याने चुकविली पाहिजे.

अपरिवर्तनीय काळ : शोकात्म शक्यता आणि तिचा क्षय

क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (१९६२) हा सुमारे २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून साकारला आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बालपणी पाहिलेला एका माणसाचा मृत्यू नायकाला छळत राहतो. अखेरीस तो मृत्यू त्याचा स्वतःचाच होता हे उलगडते. येथे तर्कदोष नाही, कारण काहीही बदललेले नाही. या कल्पनेवर आधारलेल्या टेरी गिलियम यांच्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) मध्ये हेच प्रारूप अधिक काटेकोरपणे योजले आहे. भविष्यातील शास्त्रज्ञ जेम्स कोल याला भूतकाळात पाठवितात ते महामारी थांबविण्यासाठी नव्हे, तर मूळ विषाणूची माहिती मिळविण्यासाठी. भूतकाळ बदलता येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. त्यामुळे ‘त्यांनी आणखी मागे जाऊन रोग का थांबविला नाही’ हा नेहमीचा आक्षेप येथे उद्भवत नाही. कोल शेवटी तसा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नातच, बालपणीच्या आपल्याच डोळ्यांदेखत, मरतो. तर्काची बंदिस्तता आणि शोकात्मता या चित्रपटात वेगळ्या काढता येत नाहीत.

जेम्स कॅमेरून यांच्या ‘द टर्मिनेटर’ (१९८४) या चित्रपटाची रचनाही अशीच वर्तुळाकार आहे. भविष्यातील यंत्रसत्ता बंडखोरांचा नेता जॉन कॉनर याचा जन्म टाळण्यासाठी त्याच्या आईला, सारा हिला, मारण्याकरिता १९८४ मध्ये मारेकरी यंत्र पाठविते. तिच्या रक्षणासाठी आलेला काइल रीस हाच जॉनचा पिता ठरतो. यंत्रांनी मारेकरी पाठविला नसता तर रीस आला नसता आणि जॉनही जन्मला नसता. रीस ज्या छायाचित्रावर प्रेम करीत आला ते छायाचित्र चित्रपटाच्या अखेरीस एक मुलगा काढतो, तेव्हा हे वर्तुळ पूर्ण होते. आश्चर्य असे की, रीसने आणलेल्या संदेशात भविष्य ठरलेले नाही असे म्हटले आहे. पात्रे स्वातंत्र्याची भाषा बोलतात आणि कथानक नियतीची. हा विरोध दोष नसून चित्रपटाच्या ताणाचे उगमस्थान आहे.

‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ (१९९१) मध्ये मात्र संदेशातील भाषा हाच कथानकाचा नियम होतो. पहिल्या यंत्राच्या अवशेषांवरून चाललेले संशोधन नष्ट करून पात्रे भावी संहार टाळू पाहतात. संहार टळला तर यंत्रसत्ता नाही, यंत्रसत्ता नाही तर रीसचे आगमन नाही, आणि रीस नाही तर जॉन नाही. तरीही जॉन पडद्यावर उभा आहे. पहिल्या चित्रपटाच्या नियमानुसार हा उघड तर्कदोष आहे. परंतु यंत्रालाही मानवी जीवनाचे मूल्य उमगू शकते, हा या चित्रपटाचा मुख्य अर्थ आहे आणि अखेरच्या दृश्यात भविष्य मुद्दामच अनिश्चित ठेवले आहे. त्या अर्थाला या दोषाने बाधा येत नाही. बाधा येते ती मालिका पुढे चालू लागल्यावर. २००३ च्या तिसऱ्या चित्रपटात संहार टळलेला नसून केवळ पुढे ढकलला गेल्याचे सांगितले जाते, तर २०१९ च्या ‘डार्क फेट’मध्ये जॉनचा प्रारंभीच अंत होतो. प्रत्येक नवा भाग आधीच्या भागातील त्यागाचे मोल कमी करतो. येथील दोष कालप्रवासाचा नव्हे, तर जे एकदा कमावले ते पुन्हा पुन्हा रद्द करण्याचा आहे.

परिवर्तनीय काळ : क्षम्य आणि अक्षम्य दोष

रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५) मध्ये मार्टी हा तरुण १९५५ मध्ये जातो आणि नकळत आपल्याच आई-वडिलांच्या पहिल्या भेटीत अडथळा ठरतो. परिणामी त्याच्याजवळील छायाचित्रातून भावंडे हळूहळू पुसट होऊ लागतात. येथे अनेक आक्षेप घेता येतात. अस्तित्व टप्प्याटप्प्याने का नाहीसे व्हावे? भावंडे जन्मलीच नाहीत तर त्यांचे छायाचित्र कोणी काढले? परंतु हे छायाचित्र म्हणजे कथेचे घड्याळ आहे. चित्रपटाने हा नियम दृश्यरूपात मांडला, सर्वत्र सारखा पाळला आणि त्यातून उत्कंठा निर्माण केली. म्हणून हा अनित्य दोष होय.

याच चित्रपटातील एक विसंगती मात्र अधिक खोल आहे आणि तिची चर्चा तुलनेने कमी होते. मार्टी १९८५ मध्ये परततो तेव्हा त्याचे कुटुंब बदललेले असते. वडील आत्मविश्वासपूर्ण, घर संपन्न. परंतु या नव्या घरात वाढलेला मार्टी कोठे गेला? परतलेल्या मार्टीजवळ जुन्याच आठवणी आहेत, म्हणजे भोवतालची माणसे ज्या मुलाला ओळखतात तो हा नव्हे. चित्रपट या परकेपणाकडे पाहत नाही. समृद्धीलाच तो सुखान्त मानतो. छायाचित्राचा दोष पटकन डोळ्यांत भरतो, पण त्याने काही बिघडत नाही. हा दोष डोळ्यांत भरत नाही, पण तो थेट चित्रपटाच्या अर्थाशी भिडतो.

‘बॅक टू द फ्युचर : भाग २’ (१९८९) मधील दोष वेगळ्या जातीचा आहे. वृद्ध बिफ २०१५ मधून १९५५ मध्ये जातो, क्रीडानिकालांचे पुस्तक तरुणपणीच्या स्वतःला देतो आणि पुन्हा त्याच २०१५ मध्ये परततो. पुढे डॉक ब्राऊन फळ्यावर आकृती काढून सांगतात की, इतिहास बदलल्यानंतर भविष्यात गेल्यास बदललेल्याच भविष्यात पोहोचावे लागते. या नियमाने बिफला मूळ २०१५ मध्ये परतताच आले नसते. नियम मांडणारा आणि मोडणारा चित्रपट एकच असल्याने हा निःसंशय तर्कदोष आहे. परंतु बिफ परतला नसता तर यंत्र नायकांच्या हाती आले नसते आणि कथाच थांबली असती. लोभाने आणलेली विकृती दाखविणे हे या चित्रपटाचे प्रयोजन. या दोषामुळे बिफचा लोभ सौम्य ठरत नाही की त्याचे परिणाम पुसले जात नाहीत.

रायन जॉन्सन यांच्या ‘लूपर’ (२०१२) मध्ये भविष्यातून आलेल्या एका वृद्धाची बोटे आणि अवयव एकेक करून नाहीसे होतात, कारण त्याच्या तरुण रूपाचे अवयव दुसरीकडे छाटले जात असतात. लुईस यांच्या परिभाषेत सांगायचे तर वृद्धाच्या वैयक्तिक काळात तीस वर्षांपूर्वीच पाय गेलेले असावयास हवेत. मग तो क्षणापूर्वी धावत कसा होता? तर्काला येथे उत्तर नाही. तरीही वर्तमानातील हिंसा माणसाच्या पुढील आयुष्यावर कशी कोरली जाते, याचे इतके भेदक दृश्यरूप क्वचितच आढळते. शेवटी तरुण जो स्वतःला संपवून आपल्याच वृद्ध रूपाला नाहीसे करतो. वृद्ध जो कधी आलाच नसता तर तरुण जोने आत्मत्याग का केला, हा प्रश्न उरतो. परंतु सूडाचे चक्र स्वतःची किंमत मोजूनच थांबविता येते, हा मुख्य अर्थ याच विसंगतीतून व्यक्त झाला आहे. रौद्रातील कठोर वर्णांप्रमाणे येथे दोषच पोषक ठरतो.

याच्या उलट उदाहरण रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’ (१९७८) या चित्रपटाचे. दोन क्षेपणास्त्रांपैकी एक आधी रोखण्याचे वचन नायक देतो आणि ते पाळतो. परिणामी दुसऱ्या क्षेपणास्त्राने झालेल्या भूकंपात लोइस लेन मृत्यू पावते. वचन पाळल्याची ही किंमत आहे. चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण येथे येतो आणि लगेच नायक पृथ्वीभोवती वेगाने उड्डाण करून काळ मागे फिरवितो. लोइस जिवंत होते. मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याची पित्याची आज्ञा तो मोडतो, पण त्याचे कोणतेही फळ त्याला भोगावे लागत नाही. पृथ्वी उलटी फिरविल्याने काळ मागे जात नाही हा आक्षेप क्षुल्लक आहे. खरा आक्षेप असा की, निवडीची किंमत परत मिळत असेल तर ती निवडच उरत नाही. हा नित्य दोष आहे.

शाखीय काळ आणि दुर्बोधतेचा प्रश्न :

‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) मध्ये भूतकाळ बदलून वर्तमान बदलत नाही, असा नियम स्पष्टपणे मांडला आहे. चित्रपटाच्या शेवटी मात्र स्टीव्ह रॉजर्स भूतकाळात आयुष्य घालवून वृद्धावस्थेत मूळ जगातच बाकावर बसलेला दिसतो. तो दुसऱ्या शाखेत जगून परतला की याच काळात लपून राहिला, याविषयी दिग्दर्शक आणि पटकथाकार यांनी जाहीरपणे परस्परभिन्न स्पष्टीकरणे दिली. नियम ढिला राहिला याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही. परंतु या चित्रपटाने एक गोष्ट कसोशीने सांभाळली आहे. नाहीसे झालेले जीव परत आणताना मधली पाच वर्षे पुसावयाची नाहीत, अशी अट टोनी स्टार्क घालतो, कारण त्या काळात त्याची मुलगी जन्मली आहे. नताशा आणि टोनी यांचे मृत्यूही रद्द होत नाहीत. तर्क सैल असूनही झालेल्या हानीचे आणि लाभाचे मोल येथे अबाधित राहते.

दुर्बोधता म्हणजे विसंगती नव्हे, हेही नोंदविणे आवश्यक आहे. शेन कॅरुथ यांनी सुमारे ७ हजार डॉलरमध्ये निर्माण केलेल्या आणि २००४ च्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या ‘प्रायमर’ या चित्रपटात यंत्र सुरू केल्याच्या क्षणाच्या मागे जाता येत नाही आणि जितके मागे जावयाचे तितका वेळ यंत्रात काढावा लागतो. नियम कडक आहेत. गुंतागुंत निर्माण होते ती दोन मित्र एकमेकांपासून लपवून यंत्र वापरू लागतात म्हणून. प्रेक्षकाला घटनाक्रम कळेनासा होतो, तसाच त्या दोघांना एकमेकांवरचा विश्वास कळेनासा होतो. येथे दुर्बोधता हाच अर्थ आहे.

भारतीय चित्रपटांतही हा भेद दिसतो. सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या ‘आदित्य ३६९’ (१९९१) या तेलुगू चित्रपटात कृष्णदेवरायाचा काळ आणि दूरचे भविष्य यांचे दर्शन घडविण्यावर भर आहे, त्यामुळे विरोधाभासाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ‘इंद्रु नेत्रु नाळै’ (२०१५) या तमिळ चित्रपटात मात्र हाती लागलेले कालयंत्र पोटापाण्यासाठी वापरणाऱ्या मित्रांच्या हस्तक्षेपामुळे मरावयाचा गुंड जिवंत राहतो आणि तोच त्यांच्यावर उलटतो. विनोदी वळणाच्या या चित्रपटात हस्तक्षेपाची किंमत मोजावी लागते. हे भान ‘सुपरमॅन’च्या कालविपर्यासात नाही.

निष्कर्ष :

१. कालप्रवासाच्या चित्रपटातील तर्कदोष भौतिकशास्त्राच्या नव्हे, तर चित्रपटाने स्वतः स्वीकारलेल्या नियमाच्या कसोटीवर ठरतो.

२. नियमभंग सिद्ध झाला म्हणजे दोषाची तीव्रता सिद्ध होत नाही. मुख्य अर्थाला बाधा आणणारा नियमभंग आणि केवळ आनुषंगिक नियमभंग यांत भेद करावा लागतो. संस्कृत काव्यशास्त्रातील नित्य-अनित्य दोषांची संकल्पना यासाठी आजही उपयुक्त आहे.

३. सहज दिसणारा दोष बहुधा क्षम्य असतो. अक्षम्य दोष अनेकदा सुखान्ताच्या आड लपलेला असतो.

४. या प्रकारच्या चित्रपटांचा मुख्य अर्थ बहुतेक वेळा निवड आणि तिची किंमत यांच्याशी निगडित असतो. भूतकाळ बदलण्याची इच्छा ही पश्चात्तापाचीच एक अवस्था आहे. पश्चात्ताप सहज पुसून टाकणारा चित्रपट तर्कदृष्ट्या निर्दोष असला तरी मानवी अनुभवाशी अप्रामाणिक ठरतो.

५. म्हणून चित्रपट-समीक्षेच्या अध्यापनात विद्यार्थ्याने विसंगती शोधली म्हणजे त्याचे काम संपले असे मानता येणार नाही. त्या विसंगतीमुळे कोणाची कोणती हानी पुसली गेली, हे त्याने दाखवून दिले पाहिजे. दोषदर्शन समीक्षेच्या पातळीवर पोहोचते ते तेव्हाच.